उक्त दोन्ही नावांची व्यक्ती

हाक आली तेव्हा रमानंही इतरांसारखीच मान वर केली, कोण उठतंय ते बघायला. तहसील कचेरीच्या व्हरांड्यात बाकांवर माणसं खेटून बसली होती, प्रत्येकाच्या मांडीवर एकेक प्लॅस्टिकची फाइल, आणि दारात उभा असलेला शिपाई हातातल्या गठ्ठ्यातलं नाव वाचत होता. दिपिका काशिराम घरत. आवाज छान होता त्याचा, मोकळा, बांधावरून यावा तसा. दिपिका म्हटल्यावर रमाच्या मनात तिची नणंद आली, कारण दिपिका म्हणजे नणंद हे लग्न झाल्यापासून तिच्या डोक्यात ठाम बसलेलं होतं. ही कुणीतरी दुसरी दिपिका असणार, बिचारी चहा प्यायला गेली असेल आणि नेमका तेव्हाच नंबर आला, असं तिला वाटून गेलं. शिपायानं पुन्हा नाव घेतलं. समोरच्या बाकावरचा म्हातारा उगाच स्वतःच्या खिशात चाचपू लागला. तेवढ्यात वरून एक विमान फार खालून गेलं, व्हरांड्याचे पत्रे थरथरले, आणि तो आवाज ओसरता ओसरता नावातला पहिला आणि शेवटचा शब्द आपल्याबरोबर घेऊन गेला. मधला तेवढा हवेत राहिला. काशिराम. काशिरामला, आपल्या बापाला, इथं कोण हाक मारतंय, असा प्रश्न रमाला पडला, आणि तो प्रश्न पोटातून वर यायला, छातीशी अडायला, तिथून पुन्हा सुटायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात शिपायानं तिचा कागद गठ्ठ्याच्या तळाशी सरकवला होता, आणि दुसरंच कुणी चपला काढून आत गेलं होतं.

म्हणजे मीच की.

ती दाराशी गेली. शिपाई रागावला नाही, त्याला गंमत वाटली. नाव तुमचंच ना ताई, असं त्यानं विचारलं, आणि मग दोनदा ओरडलो की, असंही म्हणाला, तक्रार म्हणून नाही, नोंद म्हणून. आतल्या साहेबांपुढे शपथ घ्यायची होती. आता साहेब जेवून आल्यावर पुन्हा पुकारा होणार होता. जाता जाता त्यानं कागद उलटून बघितला आणि ओळख द्यायला कोण आणलंय असं विचारलं. तुम्हाला दोन्ही नावांनी ओळखणारं माणूस पाहिजे, सही करायला. रमानं मागं वळून पाहिलं, जणू तसं कुणीतरी तिच्या मागं उभं असेलच. मागं बाक होता आणि बाकावर तिची पिशवी होती.

            मी, रमा सत्यजीत मोकल, वय सज्ञान, राहणार नवीन पनवेल,
            सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की

इथपर्यंत काही अडचण नव्हती. ती रमा होती. वय सज्ञानच्याही पुढं गेलेलं होतं, केसांत कानाच्या वर दोन्हीकडे पांढरं येऊन बसलं होतं आणि मुलगा अपूर्व दहावीला होता. जवळच्या एका क्लासमध्ये ती बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवायची. फळ्यावर हृदय काढायची, डावीकडचं उजवीकडे आणि उजवीकडचं डावीकडे, समोरून दिसतं तसं, आणि दरवर्षी त्या हृदयातून दोन-चार मुलं मेडिकलला निघून जायची. पेढे आणायची. पेढे खाता खाता एका वर्षी तिच्या असं लक्षात आलं की वयाची वरची अट काढून टाकलेली आहे. म्हणजे दार होतं तिथंच होतं आणि ते बाहेरून कुणी ओढून घेतलेलं नव्हतं. ती नीटला बसली, पहिल्या खेपेला पडली, दुसऱ्या खेपेला चांगले मार्क पडले. सत्यजीतला ही तिची हौस वाटली होती. तो उरणला बंदरात नोकरी करायचा आणि घरी आला की विनोद करायचा, तू डॉक्टर होशील तेव्हा मी तुझा पहिला पेशंट, तोवर टिकलो तर. मार्क आले तेव्हा त्यानं विनोद केला नाही. नुसताच तिच्याकडे बघत राहिला, गाडीत आपल्या शेजारी भलतंच कुणी येऊन बसलंय असं वाटल्यावर माणूस बघतो तसं.

आता प्रवेशाचा अर्ज. तो दहावीच्या दाखल्यावरच्या नावानं भरायचा. दाखल्यावर दिपिका काशिराम घरत होती. बाकी जे काही होतं, आधार, रहिवासाचा दाखला, बँक, गॅसचं पुस्तक, त्या सगळ्यावर रमा सत्यजीत मोकल. परीक्षेला लग्नाचा दाखला दाखवून निभावलं होतं, शिवाय तिथं रोल नंबर होता, नाव कुणी मोठ्यानं घेतलं नव्हतं. प्रवेशाला मात्र दोन्ही नावांची बाई एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडायचं होतं आणि अर्ज आज संध्याकाळी बंद होत होता. तिनं सगळं जोडलं होतं, निकाल, गुणपत्रिका, फोटो, सही. हे एक प्रतिज्ञापत्र काल रात्रीपर्यंत तिच्या यादीत अगदी खाली होतं, कारण ते तिला सगळ्यात सोपं वाटलं होतं.

            की दिपिका काशिराम घरत हे माझे लग्नापूर्वीचे नाव असून
            उक्त दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे

सकाळी हे टाइप करून घेतलं ते कचेरीबाहेरच्या पत्र्याखाली बसणाऱ्या अस्माकडून. अस्माचं टेबल, त्यावर लॅपटॉप, प्रिंटर, प्रिंटरवर उन्हासाठी टाकलेली जुनी ओढणी. तिचे अब्बा तिथंच टाइपरायटर घेऊन बसायचे, तेव्हापासूनची जागा. उक्त शब्द तिच्या बोटांत इतका भिनला होता की बघताही न बघता तो उमटत होता. नावापाशी ती थांबली. दिपिका पहिली का दुसरी, म्हणजे ह्रस्व का दीर्घ, असं तिनं विचारलं, आणि रमाला सांगता येईना. दाखल्यावर इंग्रजीत होतं. तिला फळा आठवेना, वही आठवेना, स्वतःचं नाव लिहिणारा स्वतःचा हात आठवेना. मग पिशवीतला डबा आठवला. स्टीलचा, जाड झाकणाचा, लग्नात माहेरून आलेला. तिनं तो उलटा केला. बुडाला, घासून घासून पुसट झालेल्या ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरांत, चि. दिपिका काशिराम घरत. दि पहिला.

अस्मानं चष्मा वर करून ते वाचलं. "डब्याला माहीत आहे, तुम्हालाच नाही," ती म्हणाली. मग प्रिंट काढता काढता, सवयीनं, पुढची ओळ वाचून दाखवल्यासारखं तिनं विचारलं, "दोन्ही तुम्हीच ना, बाजी?"

हा प्रश्न ती सगळ्यांनाच विचारत असणार. रमा हो म्हणाली. पण तो हो तिथंच पत्र्याखाली राहिला, तिच्याबरोबर आत आला नाही.

आता व्हरांड्यात बसून ती तो प्रश्न पुन्हा पुन्हा उलटा करत होती, डब्यासारखा. दोन्ही मीच. मग आत्ता हाक आली तेव्हा त्यातली एक कुठं गेली होती? नाव बदललं तेव्हा कुणाच्या मनात वाईट नव्हतं, हे तिला ठाऊक होतं. कारण अगदी घरगुती होतं. सत्यजीतच्या बहिणीचं नाव दीपिका होतं, दुसऱ्या दी-चं, आणि एका घरात दोन दीपिका कशा चालतील? कुणी हाक मारली की दोघी ओ देतील, म्हणाल्या होत्या सासूबाई, नायतर दोघीही देणार नायत. सगळे हसले. तीही हसली. मग अक्षतांचं ताट आलं, कोरे तांदूळ पसरलेले, सत्यजीतनं बोटातल्या अंगठीनं त्यात रमा लिहिलं. दोनच अक्षरं, त्याला घाई होती, लोक जेवायचे थांबले होते. लग्नाची गाणी म्हणणारी धवलारीण माहेरी, सुकापूरच्या मांडवात दिपिका घालून गात आली होती. इथं तिनं गाणं मध्येच थांबवून विचारलं, आता कंचा नाव घालू? रमा घाला, असं कुणीतरी सांगितलं. आणि ती लगेच रमा घालून गायला लागली, सूर तोच, जागा तीच, एका हाताच्या बांगड्या काढून दुसऱ्या हातात घालाव्यात तसं. ताट कुणीतरी उचलून आत नेलं. नेताना हललं. दुसऱ्या दिवशी त्याच तांदळाचा गोड भात केला होता आणि नवीन सुनेनं तो सगळ्यांना वाढला होता, आणि पंगत उठल्यावर स्वतःही खाल्ला होता. म्हणजे जे लिहिलं होतं ते पोटात गेलं. आणि त्याआधीचं जे नुसतं बोललं जात होतं, कधी कुठल्या ताटात लिहिलंच नव्हतं, ते कुठं जातं, हे तिनं कधी कुणाला विचारलं नाही. विचारण्यासारखं ते नव्हतंच. सासरी सगळे प्रेमानं वागले. भांडी तेवढी बोलत राहिली. तांब्या, परात, दोन डबे, घासायला उलटे ठेवले की बुडाशी काशिराम, काशिराम, काशिराम. मोलकरणीला वाचता येत नव्हतं.

आणि मग रोज स्वतःच्याच नावानं दुसरीला हाक मारायची. दीपिका, जेवायला ये. दीपिका, तुझा फोन. आधी आधी तोंडात कसंतरी व्हायचं, आरशाला जेवायला बोलावतोय असं. मग सवय झाली. पुढं दीपिकाचंही लग्न झालं, ओवे गावात दिली, आणि तिथं तिच्या सासरी तिचं नाव ठेवलं आभा. म्हणजे जिच्यासाठी जागा मोकळी केली तीसुद्धा ती जागा सोडून गेली. नाव नुसतंच घरात राहिलं, माळ्यावर ठेवलेल्या पाळण्यासारखं, माहेरपणाला आल्यावर चार दिवस वापरायचं.

ओळख द्यायला कोण?

आई नव्हती. काका अंथरुणाला खिळलेले. सुकापूरला आता जावं तर चौदा-पंधरा मजल्यांच्या इमारतींत पत्ते विचारत फिरावं लागेल, आणि ज्यांना विचारायचं ते सातारा-सोलापूरकडून येऊन राहिलेले, त्यांना घरतांचं शेत कुठं होतं ते काय माहीत. ते शेत एका इमारतीच्या पार्किंगखाली होतं. सत्यजीतनं दिपिकेला एकदाच पाहिलं होतं, पोह्याच्या बशा घेऊन येताना, आणि तेव्हाही तो बशीकडे बघत होता. तिनं क्लासमधल्या लोकांचा विचार केला. ते मॅडमला ओळखत होते. असं एकेक नाव काढून टाकताना तिला दिसलं की तिला दोन्हीकडून ओळखणारं माणूस उरलेलंच नाही. एका काठावरचे सगळे गेले आणि दुसऱ्या काठावरच्यांना पलीकडचं दिसत नाही. मधे ती एकटी, आणि ती तर ओही देत नाही.

मग तिला नणंद आठवली. मुलगी बघायला आले होते तेव्हा ती बरोबर आली होती, आणि आतल्या खोलीत येऊन बसली होती. रमानं फोन लावला, फोनमध्ये अजून दीपिका असंच नाव होतं, आणि सगळं एका दमात सांगितलं. पलीकडे कुकरची शिट्टी झाली. येते, असं म्हणून तिनं फोन ठेवला. का, कशाला, दादाला माहीत आहे का, काही नाही.

दुपार कचेरीवर पसरली. पंखा फिरत होता पण वारा खाली येईपर्यंत कोमट होत होता. शिपाई दाराच्या चौकटीला टेकून पेंगत होता. श्रावणातलं ऊन मध्येच लख्ख पडायचं, मध्येच कुणीतरी त्याच्यावर ओलं फडकं टाकायचं, आणि कंपाउंडच्या भिंतीवरून लांब कर्नाळ्याचा सुळका दिसायचा आणि जायचा, काशिरामच्या आंगठ्यासारखा. काशिराम हाताचा आंगठा असाच वर करून दाखवायचा, लांबून, बोलायचं नसलं की. रमानं डबा उघडला, पोळीभाजी होती, झाकण परत लावलं. शेजारी बाकावर कुणीतरी येऊन बसलं. दोन वेण्या, रिबिनी, शाळेच्या स्कर्टनंतर नव्यानं मिळालेला पंजाबी ड्रेस, त्याची ओढणी कशी घ्यायची ते अजून न ठरलेलं. रमानं तिच्याकडे बघितलं नाही. बघितलं तर उठून जाईल असं वाटलं. पोरगी पाय हलवत बसली होती. तिच्या केसांना धुराचा वास येत होता, आणि धुराबरोबर भांबुर्डीच्या पाल्याचा, म्हणजे पोपटीचा, म्हणजे थंडी होती तेव्हा, वालाच्या शेंगा मडक्यात भरून शेतात आगटी पेटवलेली, आणि काशिराम गरम शेंगा या हातातून त्या हातात उडवत म्हणत होता, बघ दिपे, वालाचा दाना कसा हाय, हुबेहूब मूत्रपिंड, तुज्या पुस्तकात हाय तसा. त्याला पुस्तकातली चित्रं बघायला आवडायची. तो चौथी शिकलेला होता आणि बेडकाच्या पोटात काय काय असतं ते त्याला सगळं पाठ होतं, कारण ती मोठ्यानं पाठ करायची आणि तो पडवीत जाळं विणत ऐकायचा.

तू का नाही उठलीस, असं पोरगीनं विचारलं. की रमानं तिला विचारलं. दोघींपैकी कुणाचे ओठ हलले ते कळायला मार्ग नव्हता. मला वाटलं तुलाच बोलावतायत. मला वाटलं तुला. सासूबाईंचं बरोबर होतं म्हणजे, दोघीही देणार नाहीत.

आणि ही कचेरीही तीच. रंग दुसरा, बाक लोखंडी झालेले, पण व्हरांडा तोच, आणि दाराशी तेव्हाही असाच एक शिपाई होता. बारावी झालेली होती आणि मेडिकलच्या अर्जाला जातीचा दाखला लागत होता. काशिराम तिला घेऊन आला, धुतलेलं धोतर नेसून, हातात पिशवी, पिशवीत कोरा फॉर्म, त्याला घडी पडू नये म्हणून दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये ठेवलेला. बसले. दुपार झाली. तिला लाज वाटत होती, त्याच्या धोतराची नव्हे, कशाची तेच कळत नव्हतं, इतक्या लोकांत आपलं नाव कुणीतरी ओरडणार याची. आणि ओरडला. दिपिका काशिराम घरत, हाय का कोनी? ती उठेपर्यंत काशिरामच उठला. हात वर करून, शेतातून उत्तर द्यावं तशा आवाजात म्हणाला, "हाय, हाय, हितंच हाय." सगळा व्हरांडा हसला. आतला कारकून म्हणाला की काका, नाव पोरीचं आहे, पोरीला बोलू द्या. काशिराम म्हणाला, "ती बोलल डाक्टर झाल्याव. तवर मी हाय."

दाखला मिळाला. फॉर्म मात्र पुठ्ठ्यातच राहिला. त्याच पावसाळ्यात एका सकाळी काशिराम खाडीवर गेला होता तिथं छातीत कळ आली, आणि त्याला घरी आणलं ते चौघांनी. फॉर्मची तारीख कधी गेली ते कुणी बघितलं नाही. तिनंही नाही. मग पनवेलच्या कॉलेजात बीएस्सी, मग पोह्याच्या बशा, मग तांदूळ. हे सगळं एकमेकांना इतकं चिकटून झालं की त्यात बोट घालायला कुठं फट नव्हती. तवर मी हाय, असं तो म्हणाला होता. तो नव्हता, आणि तवर संपलेलं नव्हतं, आणि त्या मधल्या सगळ्या वर्षांत तिच्या नावाला ओ द्यायला कुणीच नव्हतं. मग नाव तरी काय करणार. ते गेलं.

            वर लिहिलेला मजकूर खरा असून तो खोटा आढळल्यास
            मी शिक्षेस पात्र राहीन

खोटा आढळल्यास. ही ओळ तिनं सकाळी वाचली नव्हती. आता वाचली. आत गेल्यावर साहेब विचारणार, दोन्ही नावं तुमचीच? आणि तिला हो म्हणावं लागणार. आणि जर तसं नसेल तर? जर दिपिका त्या पावसाळ्यात पुठ्ठ्यात राहिली असेल, आणि ही जी बाकावर बसली आहे, जी उत्तम वालाचं बिरडं करते आणि फळ्यावर हृदय काढते, तिनं फक्त तिचे मार्क, तिचा दाखला, तिची दहावी उचलली असेल? कॉलेजात हजेरी घेतील तेव्हा नाव त्या पोरीचं पुकारतील. साडेपाच वर्षं रोज. रमानं शेजारी पाहिलं. बाकावर पिशवी होती.

उठून घरी जावं. कुणाला काही वाटणार नाही. सत्यजीत म्हणेल, जाऊ दे, एवढं केलंस तेच खूप. तो मनापासून म्हणेल. तिनं पिशवीचा बंद मनगटात घातला.

"वहिनी, मेले मी," असं म्हणत नणंद बाकावर येऊन आदळली. ओव्याहून रिक्षा मिळेना, मग खारघरपर्यंत कुणाच्या तरी स्कूटरवर, मग बस, असं काय काय. तिनं पर्समधून आधार कार्ड काढलं. त्यावर आभा होतं. ते बघून दोघींना एकदमच हसू आलं, तोंडावर पदर आणि ओढणी धरून, लग्नघरात हसावं तसं. म्हणजे आभा सांगणार की रमा ही दिपिका आहे, असं रमा म्हणाली. नणंद म्हणाली, "साहेब आपल्या तिघींना एकदमच आत टाकेल."

हसू ओसरल्यावर रमानं खाली बघून विचारलं, की तुला खरंच आठवते का ती. नणंदेला वाटलं बघायला आलो तो दिवस. हो की, असं म्हणून ती सांगायला लागली. मोठी माणसं बाहेर बोलत होती आणि ती आत आली होती, आपल्याच नावाची मुलगी कशी असेल म्हणून. तर मुलगी साडी नेसून खाटेवर बसलेली आणि मांडीवर जर्नल. "तू मला बेडूक दाखवलास," नणंद म्हणाली. "पोट फाडलेला. चहा यायच्या आधी. मी ओकायची बाकी होते."

रमाला हे आठवत नव्हतं. साडी आठवत होती, मोरपंखी, मावशीची. जर्नल नाही.

"आणि मी विचारलं, हे कशाला ठेवलंस आता, बीएस्सी तर झालं. तर तू म्हणालीस," नणंदेनं मान ताठ केली, आवाज खाली घेतला, आणि त्या आवाजात नक्कल नव्हती, किंवा ती इतकी जुनी होती की आता नक्कल राहिली नव्हती, "मी डाक्टर होनार हाय."

व्हरांडा लांब गेला. रमाला तो हाय ऐकू आला, नणंदेच्या तोंडून, आणि मग आठवलं ते हसणं. सासरी पहिले कितीतरी दिवस दीपिका तो हाय करून दाखवायची, सगळे हसायचे, सासूबाई डोळे पुसायच्या, त्या स्वतः चिडल्या की तसंच बोलायच्या तरी. प्रेमाची थट्टा होती. कुणी सांगितलं नाही की असं बोलू नको. रमानं एक दिवस आहे म्हणायला सुरुवात केली आणि तेव्हापासून ती आहे म्हणत होती. आहे म्हणत शिकवत होती. हृदयाला चार कप्पे आहेत.

"मला नं तेव्हा तुझी भीती वाटली होती," नणंद म्हणाली, लहान आवाजात. "इतकं नक्की कुणी बोलतं का?"

यानंतर काय होणार आहे ते सांगून टाकायला हरकत नाही, कारण ते आता होऊन जाणारच आहे. आत साहेब मान वर न करता विचारतील, सही घेतील, शिक्का मारतील. शिक्क्याची शाई थोडी फासेल. नणंद ओळख देणारीच्या रेघेवर आभा अशी सही करील आणि सवयीनं खाली दीपिका लिहायला जाऊन पेन उचलील. अस्मा कागद स्कॅन करील, अर्जाला जोडील, आणि शेवटचं बटण येईल तेव्हा लॅपटॉप वळवून म्हणेल की हे तुम्हीच दाबा, याला माझा हात नको. पडद्यावर एक गोल फिरत राहील, बराच वेळ, ताटातल्या तांदळात कुणीतरी एकच अक्षर गिरवत बसावं तसा. मग अर्ज सादर झाल्याचा निरोप फोनवर येईल, त्या नावानं. जागा मिळेल का, कुठं मिळेल, घर सोडावं लागेल का, अपूर्वची दहावी, सगळं त्यानंतरचं. पत्र्याखाली ऊन तिरपं होईल. नणंद डबा उघडून त्यातली पोळी खाईल, भूक लागली होती तिला.

पण ते सगळं व्हायला आधी हे व्हायला हवं होतं.

आतली खुर्ची सरकल्याचा आवाज आला. शिपायानं डोळे चोळले, टोपी ठीक केली, गठ्ठा उचलला. वरून एक, मग एक, अशी नावं होत गेली. माणसं उठत होती, आत जाऊन बाहेर येत होती, हातातल्या कागदांवर फुंकर घालत. रमानं पिशवीचा बंद मनगटातून काढला. एक विमान आलं, पत्रे थरथरले, ते जाईस्तोवर शिपाई थांबला. मग त्यानं तळचा कागद वर घेतला, वाचला, आणि बाकांकडे न बघता, दुपारच्या झोपेनं त्याच्या आवाजावरचं कचेरीचं पाणी उतरलेलं असल्यामुळे, आपल्या गावातल्यासारखा ओरडला.

"दिपिका काशिराम घरत. हाय का कोनी?"

ती थांबली. खरं तर ती थांबली ते सवयीनं, आधी कुणीतरी दुसरं उठेल म्हणून. धोतर नेसलेलं, हात वर केलेलं कुणी. व्हरांड्यात कुणी उठलं नाही. ऊन एकदम लख्ख पडलं.

"हाय," ती म्हणाली, आणि उठली.